स्तनाचा कॅन्सर: नुसती गाठ काढायची की पूर्ण स्तन?

बायोप्सीत कॅन्सर निघाला की घरातली पहिली प्रतिक्रिया बहुधा ठरलेली असते: "सगळंच काढून टाका, पुन्हा कटकट नको." हेतू चांगला असतो, पण त्यामागचा समज चुकीचा आहे. जास्त काढलं म्हणजे जास्त सुरक्षित, असं या आजारात नसतं. गाठ स्तनात आणि फार तर काखेपर्यंत मर्यादित असेल, तर नुसती गाठ काढून नंतर रेडिएशन घेतलं काय किंवा पूर्ण स्तन काढला काय, जगण्याची शक्यता सारखीच राहते.

इटलीत मिलानला सर्जन उंबेर्तो वेरोनेसी यांनी १९७३ ते १९८० या काळात ७०१ स्त्रियांवर याची चाचणी घेतली. अमेरिकेत सर्जन बर्नार्ड फिशर यांच्या चाचणीत १८५१ स्त्रिया होत्या. दोन्हींचे वीस वर्षांचे निकाल २००२ मध्ये प्रसिद्ध झाले आणि जगण्याच्या प्रमाणात फरक निघाला नाही. फरक होता तो त्याच जागी आजार परतण्यात. मिलानमध्ये स्तन वाचवलेल्या ३५२ जणींपैकी ३० जणींना त्याच स्तनात पुन्हा गाठ आली. स्तन काढलेल्या ३४९ पैकी ८ जणींना त्या जागी आजार परतला. स्तनात परतलेली गाठ वेळेवर सापडली तर तेव्हा पूर्ण स्तन काढता येतो. जीवाला धोका असतो तो हाडं, यकृत, फुप्फुसं इथे पोहोचलेल्या पेशींचा, आणि स्तन किती काढला यावर ते ठरत नाही.

फिशर यांच्या चाचणीतला आणखी एक आकडा निर्णय घेताना समोर हवाच. गाठ काढून रेडिएशन घेतलेल्यांपैकी १४.३ टक्के जणींना वीस वर्षांत त्याच स्तनात कॅन्सर परतला. रेडिएशन न घेतलेल्यांत हे प्रमाण ३९.२ टक्के होतं. म्हणजे "स्तन ठेवायचा" हा निर्णय खरं तर "रेडिएशन पूर्ण घ्यायचं" असा निर्णय आहे. ते पूर्ण होणार नसेल तर स्तन वाचवण्याचा आग्रह धरू नये.

रेडिएशन जमेल का, हे आधी बघा

पूर्वी ५० ग्रेचा (ग्रे हे रेडिएशन मोजायचं एकक) डोस २५ दिवसांत विभागून देत, म्हणजे पाच आठवडे. आता बहुतेकींना ४० ग्रे, १५ दिवस, सोमवार ते शुक्रवार, म्हणजे तीन आठवडे पुरतात. काहींना २६ ग्रे पाच दिवसांत देता येतो. गाठीच्या जागेवर जादा डोस, ज्याला बूस्ट म्हणतात, लागला तर काही दिवस वाढू शकतात. रोजचं मशीनवरचं काम दहा-पंधरा मिनिटांचं असतं. वेळ जातो तो ये-जा करण्यात आणि नंबर लागण्यात.

कोथरूड किंवा हडपसरला राहणाऱ्या बाईला तीन आठवडे रिक्षाने जाऊन येणं त्रासाचं असलं तरी शक्य असतं. जुन्नर, इंदापूर किंवा भोरच्या आतल्या गावाहून रोज पुण्याला ये-जा करणं जवळजवळ अशक्य. तिथल्या बाईसाठी शस्त्रक्रियेच्या आधीच ठरवावं लागतं: पुण्यात नातेवाइकांकडे राहणार की हॉस्पिटलच्या धर्मशाळेत, सोबत कोण असेल, घरी मुलांचं आणि गुरांचं कोण बघेल. पाच दिवसांचा कोर्स तुमच्या आजारात चालेल का, हेही रेडिएशनच्या डॉक्टरांना आधीच विचारा. ही भेट शस्त्रक्रियेपूर्वी व्हायला हवी, टाके काढल्यावर नव्हे.

रेडिएशन ज्यांना देताच येत नाही किंवा जपून द्यावं लागतं, असेही काही गट आहेत: पूर्वी छातीवर रेडिएशन झालेलं असणं, गरोदरपणाचे सुरुवातीचे महिने, स्क्लेरोडर्मासारखा त्वचेचा आजार. यांच्या बाबतीत तराजू पूर्ण स्तन काढण्याकडे झुकतो.

उलट, वय ७० च्या पुढे, गाठ २ सेंटीमीटरपर्यंत, काखेत आजार नाही आणि गाठ हार्मोन-पॉझिटिव्ह (हार्मोनवर वाढणारी) असेल, तर नुसती गाठ काढून फक्त हार्मोन रोखणाऱ्या गोळ्यांवरही राहता येतं. त्याच स्तनात किंवा काखेत आजार परतण्याचं प्रमाण थोडं वाढतं (अमेरिकेतल्या चाचणीत दहा वर्षांत २ टक्क्यांऐवजी १० टक्के), पण आयुर्मान कमी होत नाही. मधुमेह, गुडघे, हृदय सांभाळत असलेल्या आजींसाठी हा पर्याय नक्की विचारावा. अट एवढीच की पाच वर्षं गोळी चुकता कामा नये.

गाठ किती मोठी, स्तन केवढा

३ सेंटीमीटरची गाठ मोठ्या स्तनात सहज निघते, लहान स्तनात तीच काढल्यावर खड्डा राहतो. साधारणपणे स्तनाच्या आकारमानाच्या २० टक्क्यांहून जास्त भाग काढावा लागणार असेल, तर साध्या पद्धतीने आकार बिघडतो. तेव्हा आजूबाजूच्या ऊती सरकवून खड्डा भरणारी ऑन्कोप्लास्टिक शस्त्रक्रिया लागते. तुमचे सर्जन ती करतात का, हे थेट विचारा. पुष्कळदा "तुमचा स्तन वाचणार नाही" याचा अर्थ "आमच्याकडे ही पद्धत नाही" एवढाच असतो.

दुसरा मार्ग म्हणजे आधी किमो देऊन गाठ लहान करणं. हर-टू पॉझिटिव्ह (हर-टू हे प्रथिन जास्त असलेल्या) आणि ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोन आणि हर-टू दोन्ही निगेटिव्ह असलेल्या) प्रकारात गाठ कधी कधी पूर्ण विरघळते. म्हणून पहिल्या किमोच्या आधी गाठीत बारीकशी धातूची क्लिप बसवून घ्यायला हवी. क्लिप नसेल तर चार-पाच महिन्यांनी सोनोग्राफीत काहीच दिसत नाही आणि कुठून कापायचं हे सर्जनला कळत नाही. मग वाचू शकणारा स्तनही काढावा लागतो.

पूर्ण स्तन काढणं केव्हा बरं

स्तनाच्या वेगवेगळ्या भागांत अनेक गाठी असतील, मॅमोग्राफीत चुन्याचे बारीक ठिपके सगळीकडे पसरलेले असतील, त्वचा लाल आणि सुजलेली असणारा इन्फ्लमेटरी प्रकार असेल, किंवा दोनदा कापूनही कडेला कॅन्सर शिल्लक राहत असेल, तर पूर्ण स्तन काढणंच योग्य. बीआरसीए जनुकात दोष असेल तर जन्मभरात स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता साठ-सत्तर टक्क्यांच्या घरात जाते आणि दुसऱ्या स्तनालाही धोका राहतो. तिथे दोन्ही स्तन काढण्याची चर्चा रास्त आहे. वय पन्नाशीच्या आत, ट्रिपल निगेटिव्ह गाठ, किंवा आई, मावशी, आत्या, बहीण यांच्यात स्तनाचा अथवा अंडाशयाचा कॅन्सर असेल तर या जनुकाची चाचणी विचारून घ्या. तिचा रिपोर्ट यायला काही आठवडे लागतात, म्हणून सुरुवातीलाच पाठवावी.

आणि हो, वैद्यकीय कारण नसतानाही एखादीला स्तन ठेवून दर वर्षी मॅमोग्राफीच्या रिपोर्टची धास्ती नको असेल, तर तोही पुरेसा मान देण्याजोगा निर्णय आहे. फक्त तो तिचा असावा, सासरच्या बैठकीचा नव्हे.

मात्र स्तन काढला म्हणजे रेडिएशन टळलं, असं समजू नका. गाठ ५ सेंटीमीटरपेक्षा मोठी असेल, त्वचेत शिरली असेल किंवा काखेतल्या चार वा अधिक लिम्फ नोड्समध्ये (लसिका ग्रंथींमध्ये) आजार असेल, तर छातीवर रेडिएशन लागतंच. एक ते तीन नोड्स असतील तरी बऱ्याचदा देतात. "शेक (रेडिएशन) नको म्हणून सगळं काढलं, आणि आता शेकही सांगितला" ही तक्रार इथूनच येते. सोनोग्राफीत काख कशी दिसते हे आधी बघितलं तर याचा बराचसा अंदाज येतो.

स्तन काढल्यावर सिलिकॉनचा कृत्रिम स्तन वापरता येतो. सुरुवातीला हलका कापडी, जखम पूर्ण भरल्यावर वजनाचा. एका बाजूचं वजन गेल्याने खांदा आणि मान दुखतात, म्हणून वजनाचा वापरणं ही निव्वळ दिसण्याची बाब नाही. शस्त्रक्रियेने स्तनाची पुनर्रचना करायची असेल आणि नंतर रेडिएशन लागण्याची शक्यता असेल, तर इम्प्लांटभोवती कडक वेष्टन तयार होऊन स्तन आवळण्याचा धोका वाढतो; पाठीच्या किंवा पोटाच्या ऊती वापरणं तेव्हा अधिक टिकाऊ ठरतं.

काख, किमो आणि गोळ्या

स्तन ठेवला की काढला, यावर किमो ठरत नाही. ती गाठीचा प्रकार, आकार आणि काखेतल्या नोड्सवरून ठरते. तसंच हार्मोन-पॉझिटिव्ह असेल तर टॅमॉक्सिफेन २० मिलिग्रॅम किंवा पाळी गेलेल्यांना लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅम, रोज एक, किमान पाच वर्षं, दोन्हीकडे सारखंच.

काखेचंही तेच. हाताला कायमची सूज येते ती स्तनामुळे नाही, काख पूर्ण साफ केल्यामुळे. सोनोग्राफीत काख स्वच्छ असेल तर निळा रंग किंवा किरणोत्सारी द्रव्य टोचून फक्त पहिले काही नोड्स काढून तपासतात, याला सेंटिनल नोड बायोप्सी म्हणतात. त्यात सूज येण्याचं प्रमाण सुमारे पाच टक्के. पूर्ण साफ केल्यास साधारण पाचात एक. ही सोय आहे का, हा प्रश्न स्तन राहील का या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे.

दोन्ही शस्त्रक्रियांना लागू असणारी एक भारतीय चाचणी सांगायलाच हवी. टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने ११ केंद्रांत १६०० स्त्रियांवर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, कापण्यापूर्वी सात ते दहा मिनिटं गाठीभोवती ०.५ टक्के लिग्नोकेन टोचलेल्या गटात पाच वर्षांनी ८६.६ टक्के स्त्रिया आजारमुक्त होत्या, न टोचलेल्यांत ८२.६ टक्के. औषध स्वस्त आणि कुठेही मिळणारं. तुमचे सर्जन ते वापरतात का, विचारायला संकोच नको.

कुठे बिघडतं

सगळ्यात मोठं नुकसान पहिल्या आठवड्यात होतं. जवळच्या नर्सिंग होममध्ये "छोटी गाठ आहे, काढून टाकू" म्हणत बायोप्सीशिवाय गाठ काढली जाते. कडेला किती मोकळी जागा आहे हे मग कळत नाही, चिरा चुकीच्या दिशेला असतो, आणि पुढची शस्त्रक्रिया मोठी होते. आधी सुईची ट्रू-कट बायोप्सी, त्यावर ईआर, पीआर (या दोन हार्मोनच्या) आणि हर-टू या चाचण्या, मगच शस्त्रक्रिया, हा क्रम मोडू नका. हर-टूचा रिपोर्ट २+ आला तर तो अर्धवट आहे. हर-टूचं जनुक तपासणारी फिश चाचणी झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

काढलेला तुकडा लॅबला कसा जातो, यावरही बरंच अवलंबून असतं. वर, बाहेर अशी दिशा दाखवणारे टाके त्यावर हवेत. तो अखंड हवा. तासाभराच्या आत त्याच्या दहापट फॉर्मलिनमध्ये पडायला हवा. उशीर झाला तर हार्मोनची चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते आणि गोळीने होणारा फायदा हुकतो. रिपोर्टमध्ये कडेविषयी स्पष्ट लिहिलेलं असावं. पसरणाऱ्या प्रकारात शाई लावलेल्या कडेवर कॅन्सर नसणं पुरेसं असतं. नलिकेतच असलेल्या डीसीआयएस प्रकारात २ मिलिमीटर मोकळी जागा लागते. स्तन ठेवणाऱ्यांपैकी काही जणींना यासाठी दुसऱ्यांदा टेबलावर जावं लागतं, ही मनाची तयारी आधीच हवी.

पूर्ण स्तन काढल्यावर ड्रेनची नळी एक-दोन आठवडे राहते. दिवसाचं पाणी ३० मिलिलीटरच्या खाली आल्यावर ती काढतात. घाई केली की पाणी साठून पुन्हा सुईने काढावं लागतं. खांद्याचे व्यायाम डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे लगेच सुरू करा. हात डोक्यावर गेला नाही तर रेडिएशनचं प्लॅनिंग अडतं, आणि ते दोन्ही पर्यायांत लागू शकतं. रेडिएशनच्या काळात त्वचेवर हळद, चंदन, कडुलिंबाचा लेप नको, आखलेल्या रेषा घासायच्या नाहीत. एप्रिल-मे असेल तर सैल सुती ब्लाउज.

खर्च आणि कागद

रेडिएशन लागणारच नसेल तर पूर्ण स्तन काढणं एकूण स्वस्त पडतं. दोन्हीकडे लागणार असेल तर हा फरक फारसा उरत नाही, म्हणून केवळ पैशासाठी निर्णय घेण्याआधी हे तपासा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला दोन गोष्टी विचारा: इथे शस्त्रक्रियेसोबत रेडिएशनही योजनेत आहे का, आणि मंजुरी दाखल होण्याआधी मिळेल ना. पुण्यातली अनेक मोठी हॉस्पिटलं धर्मादाय ट्रस्टची आहेत. त्यांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. त्यासाठी तिथल्या समाजसेवा विभागात रेशन कार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन जा.

दुसरं मत घ्यायला दोन-तीन आठवडे गेले तरी चालतं. मुंबईला परळच्या टाटा मेमोरियलला जाणार असाल तर नुसता रिपोर्ट पुरत नाही. लॅबमधून काचेच्या स्लाइड्स आणि मेणाचे ब्लॉक मागून घ्या. ते रुग्णाला मिळतात.