विकिपीडियावर नव्या विद्यार्थ्यांनी संदर्भ कुठला द्यावा: बातमी, विश्वकोश, गॅझेटियर की पुस्तक?

महाविद्यालयात मराठी विकिपीडियाची कार्यशाळा घ्यायची, तर लेखांचे विषय वाटण्याआधी संदर्भ कुठून घ्यायचे ते ठरवा. पहिल्या दिवशी मोबाइलवर दुवे शोधायला लावू नका, ग्रंथालयातलं छापील पुस्तकच हातात द्या.

बातमी झटपट मिळते, हेच तिचं आकर्षण. पण हे वाक्य बघा: ‘१७०० मध्ये औरंगजेबाने सातारचा किल्ला घेतला आणि त्याला आझमतारा नाव दिलं.’ पर्यटन पुरवणीत असा मजकूर सहज सापडतो, मात्र लेखकाने तो कुठून घेतला ते लिहिलेलं नसतं. कधी तो विकिपीडियावरूनच उचललेला असतो, म्हणजे विकिपीडियाला विकिपीडियाचाच आधार! निवडणुकीचा निकाल, पुरस्कार, नवा पूल अशा ताज्या घटनांसाठी मात्र बातमीच योग्य. मथळा, बातमीदार, वृत्तपत्र, प्रसिद्धीची तारीख आणि दुवा पाहिल्याची तारीख लिहा. बातमीचे दुवे मरतात, म्हणून ते पान वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावर) साठवून तोही दुवा जोडा.

मराठी विश्वकोश भरवशाचा, पण त्याचा पहिला खंड १९७६ चा. जुन्या नोंदीतली लोकसंख्या आजची म्हणून देऊ नका, त्यासाठी जनगणना पाहा. नोंदीखालची संदर्भग्रंथांची यादी विद्यार्थ्यांना फार उपयोगी पडते. धोका एकच: भाषा मराठीच असल्याने वाक्यं जशीच्या तशी उतरवली जातात. आधी नोंद मिटायला सांगा, मग लिहायला.

मुंबई इलाख्याचं गॅझेटियर, म्हणजे ब्रिटिश काळातला जिल्हावार सरकारी माहितीग्रंथ (साताऱ्याचा खंड १९ वा, १८८५), फुकट वाचता येतं. त्या काळचे रस्ते, बाजार, किल्ले यांसाठी ते उत्तम. समाजांची वर्णनं मात्र वसाहतकालीन नजरेची आहेत, ती तथ्य म्हणून घेऊ नयेत. आणि पीडीएफचा पान क्रमांक छापील क्रमांकाशी जुळत नाही, कारण स्कॅनमध्ये मुखपृष्ठ आणि सुरुवातीची पानंही मोजली जातात. संदर्भात छापील क्रमांकच द्या.

पुस्तकाला वेळ लागतो, पण पडताळणी शिकवायला त्याच्यासारखं साधन नाही. शीर्षकपानाच्या मागे प्रकाशक, आवृत्ती, वर्ष, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) मिळतं. जुन्या पुस्तकांना आयएसबीएन नसतो, तिथे रकाना रिकामा ठेवा. पुनर्मुद्रणाचं वर्ष पहिल्या आवृत्तीचं म्हणून लिहिलं जाणं ही नेहमीची चूक. पान क्रमांक नसेल तर संदर्भ अपुरा समजा, कारण तीनशे पानं चाळून कोणी पडताळत नाही.

संदर्भाची जागाही महत्त्वाची. परिच्छेदाच्या शेवटी एकच संदर्भ असला, की नंतर कोणी मध्ये घातलेलं वाक्यही त्याच पुस्तकातलं वाटतं. औरंगजेबाच्या वरच्या वाक्यात दोन विधानं आहेत: किल्ला घेतल्याचं वर्ष आणि त्याला दिलेलं नाव. पानावर फक्त वर्ष असेल तर संदर्भ वर्षालगत द्या, नावाचा आधार मिळेपर्यंत ते लिहू नका. दुसऱ्या कोणाचं विनासंदर्भ विधान दिसलं, तर लगेच न उडवता ‘संदर्भ हवा’ साचा (विकिपीडियावरची तयार खूण) लावा.

दोन विद्यार्थ्यांत एक पुस्तक, प्रत्येकी तीन वाक्यं, तीही आधी धूळपाटीवर (विकिपीडियावरच्या सरावाच्या पानावर). जोडीदाराने पान उघडून तपासल्यावरच ती लेखात जाऊ द्या.