मॉनिटर घेताय? इंचांआधी उंची बघा

मॉनिटरचे इंच म्हणजे कर्णाची लांबी. स्क्रीन जितकी पसरट, तितकी त्याच इंचांत तिची उंची कमी. ५:४, १६:९ हे आकडे म्हणजे रुंदी आणि उंचीचं प्रमाण. जुना १९ इंची ५:४ मॉनिटर आणि आजचा २४ इंची १६:९ शेजारी ठेवून पट्टी लावा. जुना ३०.१ सेंटिमीटर उंच भरतो, नवा २९.९. वाढलेले पाचही इंच रुंदीत गेले.

वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांनी हे मागितलं नव्हतं. टीव्ही १६:९ झाले, पॅनलचे कारखाने त्याच मापाकडे वळले आणि २००८ नंतरच्या दोन-तीन वर्षांत १९२०×१२०० ची जागा १९२०×१०८० ने घेतली. उंचीतले १२० पिक्सेल गेले. लॅपटॉपवर तर फारच जाच झाला. १३६६×७६८ च्या स्क्रीनवर टास्कबार, टॅब आणि ॲड्रेस बार वजा केले की वाचायला साडेसहाशेच्या आतबाहेर पिक्सेल उरतात. परिच्छेद संपायच्या आत स्क्रोल करावं लागतं.

सिनेमे आणि गेम हाच मुख्य वापर असेल तर १६:९ बिनधास्त घ्या. चित्र कडेपर्यंत भरतं, पर्यायही भरपूर मिळतात. पण दिवसभर डॉक्युमेंट किंवा कोड समोर असेल तर २४ इंचात १६:१० शोधाच. त्याची उंची ३२.३ सेंटिमीटर. ए४ कागद २९.७ चा, म्हणजे पूर्ण पान खऱ्या मापात दिसून वर टूलबारलाही जागा राहते. १६:९ वर पान जेमतेम मावतं आणि टूलबार आला की कापलं जातं. बदल्यात फुल एचडी व्हिडिओला वर-खाली ६०-६० पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या येतात, एवढंच. माझ्या मते हा सौदा फायद्याचा आहे.

लॅपटॉप घेणाऱ्यांचं काम आता सोपं झालंय, कारण गेल्या काही वर्षांत १६:१० पुन्हा रुळलंय. १४ इंचात १७.४ ऐवजी १८.८ सेंटिमीटर उंची मिळते. मायक्रोसॉफ्टच्या सर्फेस लॅपटॉपसारखं ३:२ घेतलं तर त्याहून जास्त, पण सिनेमात काळ्या पट्ट्या चांगल्याच जाड दिसतात.

३४ इंची अल्ट्रावाइड, म्हणजे १६:९ पेक्षाही पसरट मॉनिटर, बघून भुलू नका. त्याची उंची २७ इंची १६:९ एवढीच असते. दोन-तीन खिडक्या शेजारी-शेजारी उघड्या लागत असतील तरच तो घ्यावा.

१६:१० मिळालाच नाही तर २७ इंची २५६०×१४४० घ्या. १६:९ असूनही उंची ३३.६ सेंटिमीटर आणि उभे पिक्सेल १४४०. टेबलावर जागा असेल तर बहुतेकांना हाच पुरेल. २४ इंची १६:९ उभा फिरवून वापरायचा विचार असेल तर पॅनल आयपीएस प्रकारचंच बघा, ते बाजूने बघितलं तरी रंग टिकवतं. टीएन प्रकारचं पॅनल उभं केलं की बाजूने रंग बिघडतात. स्टँड फिरणारा नसेल तर निदान मागे आर्म बसवायची चार भोकं आहेत ना, ते तपासून घ्या.