३० हजारांचा लॅपटॉप: स्पीड ठीक, बॅटरी ठीक, हिंजने वाट लावली

रॅम किती, प्रोसेसर कुठला हे खोक्यावर छापलेलं असतंच, त्यावर शब्द खर्च करत नाही. वॉरंटी संपायच्या आतच उजव्या हिंजपाशी (झाकणाची बिजागरी) बेझल, म्हणजे स्क्रीनभोवतीची चौकट, आणि झाकणाचं मागचं कव्हर यांच्यात फट पडली, आणि सर्व्हिस सेंटरने जॉबशीटवर ‘फिजिकल डॅमेज’ लिहून हात वर केले. लॅपटॉप पडलेला नाही, कोपऱ्यावर साधा ओरखडा नाही. त्यामुळे हा रिव्ह्यू जवळजवळ हिंजवरच आहे.

खोललं की कारण समोरच दिसतं. हिंज स्टीलचा, तो सहसा मोडत नाही. त्याचे स्क्रू मात्र पितळी इन्सर्टमध्ये (आट्यांच्या छोट्या नळ्यांत) बसतात आणि ते इन्सर्ट प्लॅस्टिकच्या बारीक खुंट्यांत गरम करून दाबलेले असतात. खुंटीची भिंत जेमतेम मिलिमीटरभर. हिंज नवा असतानाच कडक. पुढे ग्रीस सुकतं, धूळ बसते, तो आणखी आवळतो. झाकण उघडताना सगळा पीळ त्या खुंट्यांवर येतो. त्यात बरेच जण उजवा कोपरा धरून उघडतात, म्हणजे भार एकाच बाजूला. आधी ‘कट्’ असा आवाज येतो, मग फट पडते. दाबली की बसते, पुढच्या वेळी परत उघडते. इथेच उघडझाप थांबवा. रेटत राहिलात तर बेझल चिरतो, हिंजशेजारून जाणारी डिस्प्ले केबल चेमटते, स्क्रीन फडफडायला लागते आणि शेवटी पॅनेलच जातं.

खुंट्या उखडल्या असतील, पण इन्सर्ट हरवले नसतील तर घरी जमण्यासारखं काम आहे. लॅपटॉपचं खालचं कव्हर काढून आधी बॅटरीचा कनेक्टर सोडवायचा. प्लॅस्टिकचा चुरा साफ करून जागा १२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडायची, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. इन्सर्ट हिंजलाच स्क्रूने अडकवून जागेवर बसवायचे, म्हणजे भोकं जुळतात. स्क्रूला तेलाचं बोट लावलं तर तो चिकटून बसत नाही. मग दोन ट्यूबवालं सावकाश सुकणारं इपॉक्सी भरून पूर्ण २४ तास हात लावायचा नाही. फेविक्विक नको: ते ठिसूळ सुकतं आणि पातळ असल्यामुळे हिंजमध्ये शिरतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हिंजच्या टोकाचा नट दोन्ही बाजूंना सारखा, पाव फेरा सैल करायचा. हे न करता नुसतं चिकटवलं तर तोच पीळ पुन्हा येणार आणि जोड पुन्हा सुटणार. फार सैल केला तर स्क्रीन आपोआप मागे पडते. काही हिंजना नट नसतो, रिव्हेट असतं. ते बदलावेच लागतात.

आधी कीबोर्डलाही नावं ठेवायची होती, कारण मधोमध दाबला की तो खाली वाकतो. आता ते मार्क परत देतो. इतक्या वापरात एकही की बिघडली नाही. वाकणं दिसायला वाईट, पण निरुपद्रवी. धातूच्या झाकणाबद्दलचं मतही बदललं. वरून ॲल्युमिनियम आणि आत हिंजचा आधार प्लॅस्टिकचाच किंवा नुसता चिकटवलेला, असेही मॉडेल असतात. चकाकीला भुलून दोन-तीन हजार जास्त मोजू नका. ‘मिलिटरी ग्रेड’च्या स्टिकरचंही तेच. त्यामागचं एमआयएल-एसटीडी-८१० हे अमेरिकी लष्कराचं मानक म्हणजे नुसती चाचण्यांची पद्धत आहे. त्यातल्या कुठल्या चाचण्या करायच्या ते कंपनीच ठरवते आणि बहुधा स्वतःच जाहीर करते.

दुकानात डेमो पीसवर दोन मिनिटांत एवढं बघा. झाकण वरच्या कडेच्या मध्यभागी बोट लावून उघडा. खालचा भाग टेबलावरून पुरता उचलला जात असेल तर हिंज फाजील कडक. थोडा उचलला तर चालेल. मग झाकण हळूहळू मागे नेत हिंजच्या कोपऱ्यांत नखाने चाचपा: फट रुंदावते का, प्लॅस्टिक करकरतं का? डेमो पीस दिवसभर लोकांनी उघडझाप केलेला असतो, त्यामुळे सीलबंद पीसपेक्षा तो जास्त खरं सांगतो. ऑनलाइन घेणार असाल तर त्या मॉडेलचा डिसअसेंब्ली व्हिडिओ शोधा आणि हिंजचे स्क्रू मोजा. एका बाजूला दोनच, तेही जवळजवळ, असतील तर सोडून द्या.

वॉरंटीत असताना फट दिसली तर स्वतः खोलू नका. चारही कोपऱ्यांचे फोटो काढा आणि जॉबशीटवर ‘बाहेरून आघाताची खूण नाही’ असं लिहून घ्या. ते लिहायला टाळाटाळ करतात, पण काउंटरवरून हलू नका. नकार लेखी मागा. पुढे १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही, मुदत दोन वर्षांची. ॲक्सिडेंटल कव्हर (अपघाती नुकसानीचं जादा संरक्षण) विकत घेताना हिंज त्यात धरलाय का ते लेखी विचारा, ‘सगळं कव्हर होतं’ या तोंडी उत्तरावर पैसे देऊ नका.

बाकी पटकन: स्पीकर पत्र्याच्या डब्यातले, वेबकॅम नावापुरता, पंखा उन्हाळ्यात बोंबलतो, एसएसडी झकास. हिंज वगळून पाचपैकी चार, हिंज धरून दोन. चार्जरची पिन अजून घट्ट आहे, त्याचा अर्धा मार्क वर.