रिसेप्शनचा गाऊन: सिक्वेन्सचा की हातकामाचा?

मावसबहिणीच्या रिसेप्शनसाठी आम्ही तिघी दादर ते सांताक्रूझ पायपीट करून शेवटी दोन गाऊनवर येऊन अडकलो. एक वाईन कलरचा फिशकट (गुडघ्यापर्यंत घट्ट, खाली माशाच्या शेपटीसारखा पसरणारा), नेटवर गळ्यापासून खालपर्यंत मशीनने लावलेले सिक्वेन्स, म्हणजे चमकत्या टिकल्या, अकरा हजार. दुसरा शॅम्पेन कलरचा, जॉर्जेटवर कटदाणा (बारीक मणी), मोती आणि थोडी जरदोजी (धातूच्या तारांचं भरतकाम), सगळं हातकाम, अडतीस हजार. भावातला फरक ऐकून मावशी खुर्चीतच बसली.

पण खरा फरक वजनात निघाला. माझ्या पर्समध्ये बॅगा मोजायचा हुकाचा काटा होता (आदल्या दिवशीच दुबईहून आले होते, हसू नका), तो तिथेच लावला. सिक्वेन्सवाला पावणेदोन किलो, हातकामाचा साडेपाच! साहजिकच आहे म्हणा, सिक्वेन्स प्लास्टिकचे आणि कटदाणा काचेचा, त्यात जरदोजीच्या तारा. हे सगळं वजन खांद्यावर येतं, आणि नवरी स्टेजवर तीन तास उभी असते.

आता आपल्याकडची खरी परीक्षा म्हणजे पाया पडणं. ट्रायल रूममध्ये आरशासमोर गिरक्या घेण्यापेक्षा सरळ वाकून बघा. फिशकटमध्ये बहीण अर्ध्यातच अडकली, गुडघे वेगळे होईनात आणि कमरेला सिक्वेन्सच्या कडा टोचायला लागल्या, शिवाय बगलेखाली दंड घासून लाल झाला तो वेगळाच. शॅम्पेनवाला खाली घेरदार असल्याने ती आरामात वाकली, पण उठताना गळा पुढे ओढला जातोय म्हणाली. म्हणजे त्रास दोन्हीकडे, फक्त फिशकट गुडघ्यापाशी सैल करून किंवा मागे स्लिट देऊन भागतं, साडेपाच किलो कमी करता येत नाहीत.

हातकाम म्हणजे पक्कं असं समजू नका हं. गाऊन उलटा करून बघा. आरीने (आकड्यासारख्या सुईने) केलेलं काम साखळी टाक्याचं असतं, शेवटची गाठ नीट नसेल तर एक धागा ओढला की मणी रांगेने गळतात. जरदोजीच्या तारा सुईने एकेक टाका घालून बसवतात, त्या सहसा अशा सुटत नाहीत. सिक्वेन्समध्ये शिवण बघायची, चांगला टेलर शिवणीतले सिक्वेन्स आधी काढून मग शिवतो. माझ्या एका जुन्या ड्रेसचं अल्टर करताना एका टेलरने ते तसेच शिवून टाकले, तुटक्या कडांनी घरी येईपर्यंत पाठ ओरबाडून निघाली.

अडतीस हजार उगाच लावतात असंही नाही. अड्ड्यावर (लाकडी चौकटीवर) कापड ताणून कारागीर दिवसेंदिवस बसतात, आणि लखनौच्या जरदोजीला तर २०१३ मध्ये जीआय टॅग, म्हणजे त्या भागाची खास वस्तू म्हणून अधिकृत ओळख, मिळालाय. ३० मार्च २०२३ ला गेटवे ऑफ इंडियासमोर डिओर या फ्रेंच फॅशन ब्रँडचा शो झाला, त्यातलं भरतकामही मुंबईच्या चाणक्य या भरतकाम संस्थेच्या कारागिरांचं होतं, म्हणजे ही कला आपल्या गल्लीतलीच आहे. फोटोत जवळून कटदाण्याची चमक फार मऊ दिसते. सिक्वेन्स लांबून, स्टेजच्या लाइटमध्ये भाव खातात, पण समोरून थेट फ्लॅश पडला की त्याचे ठिपके हनुवटीवर येतात.

सांभाळायला दोन्ही नखरेल. सिक्वेन्सवर इस्त्री फिरवायची नाही, वितळतात नाहीतर वाकडे होतात (१९३० च्या सुमारास जिलेटिनचे असायचे, ते ओलाव्यानेही विरघळायचे, त्यामानाने आपलं बरंय). हातकामाचा गाऊन हँगरला लटकवून ठेवू नका, वजनाने जॉर्जेट खाली लोंबतं, मलमलमध्ये गुंडाळून आडवा ठेवा आणि परफ्युम गाऊन घालायच्या आधी मारा, नाहीतर जरीच्या तारा काळ्या पडतात.

असा गाऊन भाड्यानेही मिळतो, एकदाच घालायचा असेल तर तोच घ्या, फक्त बगलेखालचं अस्तर बघून घ्या.

माझं मत विचाराल तर रिसेप्शनच्या नवरीला सिक्वेन्स, आणि ज्यांना बसून कार्यक्रम बघायचाय, गाऊन पुन्हा दोन-तीनदा घालायचाय, त्यांना हातकाम. बहिणीने वाईनवालाच घेतला, मागे स्लिट मारून. शॅम्पेनवाला मावशीने तिच्या नकळत तीनदा परत हातात घेऊन बघितला, आणि आता साखरपुडा माझा ठरतोय तर मला रोज विचारते, तुझ्या पर्समध्ये तो काटा आहे ना गं अजून?