गाडी घसरली: हँडल धरून ठेवायचं की सोडायचं?

ताशी 30 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 8 मीटरहून जास्त. तेवढ्यात विचार होत नाही, म्हणून हे आधीच ठरवलेलं बरं.

धरून ठेवलं तर गाडीबरोबर तुम्हीही फरफटता. पाय खाली अडकतो, घोटा फूटरेस्ट आणि डांबर यांच्यामध्ये चिरडतो, तापलेला सायलेन्सर पोटरीला चटका देतो तो वेगळाच. तोल जाताना दीडशे किलोची गाडी एका पायावर पेलायला जाणं हा तर शुद्ध वेडेपणा. गुडघा नाहीतर कंबर जाते. इंडिकेटर तुटला तर तुटू दे.

सोडून दिलं तर गाडी बहुधा पुढे निघून जाते, कारण धातू डांबरावर कपड्यांपेक्षा सहज घसरतो. माझं मत अर्थातच सोडण्याच्या बाजूने. पण सुटलेला हात आपसूक जमिनीवर टेकतो आणि तिथेच घात होतो: अंगठ्याच्या मुळाशी असलेलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड मोडतं. त्याला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ते जुळायलाही वेळ लागतो. हात छातीशी घ्या, हनुवटी आत. आणि घसरणं पूर्ण थांबल्याशिवाय उठू नका. थांबलोय असं वाटतं, पण अंग अजून सरकतच असतं.