सशांच्या कानातील खरूज: करंजेल लावावे की इंजेक्शन द्यावे?

ससा डोके झटकू लागला, मागच्या पायाने कान ओरबाडू लागला आणि कानात तपकिरी खपल्यांचे थर दिसू लागले, की खरजेच्या सोरोप्टिस किडीने ठाण मांडले आहे हे ससेपालकाला वेगळे सांगावे लागत नाही; प्रश्न उरतो तो उपायाचा. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ गावाजवळच्या माझ्या शेडमध्ये मी करंजेल (करंजाच्या बियांचे तेल) आणि कीड मारणाऱ्या आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन, दोन्ही वापरून पाहिले आहे.

करंजेल स्वस्त पडते आणि त्याने खपल्या मऊ होतात, हे खरे. मात्र किडीचे जीवनचक्र सुमारे 3 आठवड्यांचे असल्याने तेल पुन्हा पुन्हा सोडावे लागते, आणि दर वेळी एकाने ससा गोणपाटात गुंडाळून धरायचा, दुसऱ्याने कान उघडायचा, हा खटाटोप चुकत नाही. तेवढेही मी सोसले असते. पण एप्रिलमध्ये पारा 40 अंशांपलीकडे गेला आणि रानातून उडणारी काळी माती तेलकट कानांवर बसून तिचा लेपच झाला. सशाला घाम येत नाही. अंगातील उष्णता तो बऱ्याच अंशी कानांवाटे बाहेर टाकतो. भर दुपारी धापा टाकणाऱ्या मादीचे ते कान ओल्या फडक्याने पुसताना माझे मन तेलावरून उडाले. आपली शेड गर्द सावलीत असेल, तर कदाचित हा त्रास इतका जाणवणार नाही.

इंजेक्शनात कटकट आहे ती मात्रेची. जनावरांसाठीच्या 1 टक्का औषधात दर मिलिलिटरला 10 मिलिग्रॅम आयव्हरमेक्टिन असते, किलोमागे 0.2 मिलिग्रॅम या हिशेबाने 2 किलोच्या सशाला 0.04 मिलिलिटर पुरते, म्हणजे 40 युनिटच्या इन्सुलिन सिरिंजवर दोन रेघाही पुऱ्या भरत नाहीत. पहिल्यांदा तरी पशुवैद्यकाकडूनच मात्रा ठरवून, भरून घ्यावी. अंडी या औषधाने मरत नाहीत, म्हणून मी 14 दिवसांनंतरच्या दुसऱ्या मात्रेची तारीख पिंजऱ्याच्या पाटीवर खडूने लिहून ठेवतो. खपल्या ओढून काढू नयेत, खालची कातडी सोललेली असते. औषध लागू पडले की त्या आपोआप गळतात. कुत्र्यांच्या गोचिडांवरचे फिप्रोनिल मात्र सशाला चुकूनही लावू नये, ते जिवावर बेतते.

कीड सशाविनाही काही दिवस, कधी 3 आठवड्यांपर्यंत, तग धरते. त्यामुळे उपाय कोणताही केला तरी लोखंडी पिंजरे रिकामे करून ब्लो लॅम्पने शेकणे आलेच.

करंजेलाची बाटली मी अजून ठेवली आहे, ती मांसासाठी लवकरच विकायच्या सशांपुरती; कारण इंजेक्शन दिल्यावर पशुवैद्यक सांगतील तितके दिवस ते विकता येत नाहीत.