पोलिसांविरुद्ध तक्रार: आयुक्तालयात द्यायची की प्राधिकरणाकडे?

गेल्या काही महिन्यांत तीन-चार ओळखीच्यांनी हाच प्रश्न विचारला म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी वकील नाही. धाकट्या भावाच्या निमित्ताने पोलीस आयुक्तालय आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारं राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण ही दोन्ही दारं वाजवून झालीत, तेवढंच माझं भांडवल.

प्रकरण थोडक्यात असं की नाकाबंदीत लायसन्सवरून शब्दाने शब्द वाढला, भावाला ठाण्यात नेलं, रात्रभर बाकावर बसवलं, मोबाईल काढून घेतला, दोन कानाखाली ठेवून दिल्या आणि पहाटे 'जा आता, परत दिसू नको' म्हणून सोडलं. अटक नाही, नोटीस नाही, डायरीत नोंद आहे का तेही कोणी सांगेना. कागदावर बघितलं तर ती रात्र झालीच नाही.

आयुक्तालयाची बाजू आधी मांडतो, कारण तिला उगाच नावं ठेवतात. अर्ज साधा, स्वतःच्या हाताने लिहिलेला चालतो, बारनिशीत, म्हणजे टपाल घेणाऱ्या टेबलावर, दिला की शिक्का मिळतो आणि विषय संपला. वरच्या साहेबांनी मनावर घेतलं तर त्यांच्या हातात जे आहे ते दुसऱ्या कोणाच्याच हातात नाही. त्या माणसाला उद्या सकाळी ठाण्यातून काढून कंट्रोल रूमला जमा करता येतं, निलंबित करता येतं, बदली करता येते. प्राधिकरण वर्षभर ऐकून घेऊन शेवटी शिफारस करणार, इथे एका सहीत काम होऊ शकतं. होऊ शकतं म्हणतोय मी, होतंच असं नाही.

तर आम्ही आधी तिथेच गेलो. पंधरा-वीस दिवसांनी पत्र आलं, 'आपला अर्ज पुढील कार्यवाहीस्तव वर्ग करण्यात आला आहे.' कुठे वर्ग? आयुक्तालयातून डीसीपी (उपायुक्त), तिथून एसीपी (सहायक आयुक्त), आणि एसीपी ऑफिसातून 'चौकशी करून अहवाल सादर करावा' असा शेरा मारून सरळ त्याच ठाण्यात! मग फोन आला, 'जबाब नोंदवायला या.' गेलो. भावाला बसायला सांगितलं ते त्याच बाकावर, आणि जबाब टाईप करणाऱ्याच्या शेजारच्या टेबलावर कोण, तर ज्याच्याविरुद्ध तक्रार तोच, आरामात चहा पीत बसलेला. काही बोलला नाही हं तो, एकदा फक्त वर बघून हसला. भावाने घरून पाठ करून आणलेलं अर्धं तिथेच गिळलं, मारहाणीचं वाक्य 'धक्काबुक्की झाली' एवढंच उतरलं आणि खाली 'माझी आता काही तक्रार नाही' हे वाक्य टाईपवाल्याने स्वतःहूनच घातलं होतं, ते मी खोडायला लावलं तेव्हा सगळं ठाणं माझ्याकडे असं बघत होतं की गुन्हा मीच केलाय. दोन महिन्यांनी अर्ज दप्तरी दाखल, म्हणजे फाईल बंद, संबंधितास समज देण्यात आली.

माझ्यापुरता निर्णय त्या बाकावरच झाला. शिक्षा कमी झाली, उशीर झाला, हे सगळं एकवेळ समजू शकतो. पण कोणाकडे किती अधिकार आहेत यापेक्षा जबाब कुठल्या खोलीत बसून द्यायचा, हे मला जास्त महत्त्वाचं वाटायला लागलं. तक्रार तपासायच्या पद्धतीत एकच सुधारणा मागायची झाली तर मी एवढीच मागेन, की ज्या ठाण्याविरुद्ध अर्ज आहे त्या इमारतीत त्याची चौकशी नको. याला नवीन कायदाही नको, नवीन खातंही नको, वरून निघालेलं एक परिपत्रक पुरेल.

आता प्राधिकरण. पार्श्वभूमी बहुतेकांना माहीत असेल, पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये राज्यांना सात निर्देश दिले, त्यातलाच एक म्हणजे पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी वेगळी प्राधिकरणं. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून ती तरतूद आणली. अध्यक्ष हायकोर्टाचे निवृत्त न्यायाधीश. साक्षीदार बोलावणं, कागदपत्रं मागवणं याबाबतीत दिवाणी कोर्टासारखे अधिकार. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार इथपासून खंडणी, भ्रष्टाचार, जमीन बळकावणं आणि बेकायदा अटक किंवा डांबून ठेवणं इथपर्यंत विषय येतात. ठाण्यात नीट बोलले नाहीत एवढ्यासाठी मात्र तिथे जाऊ नका. आमचं प्रकरण 'डांबून ठेवणं'मध्ये बसलं.

त्रास आहे, नाही असं नाही. सगळं प्रतिज्ञापत्रावर, म्हणजे नोटरी आली, झेरॉक्सचे गठ्ठे आले. मुंबईला जायचं म्हणजे रजा टाका, पहाटेची गाडी पकडा, आणि तारीख पुढे गेली की परत तेच. अध्यक्षांसोबत सदस्यांमध्ये एक निवृत्त पोलीस अधिकारीही असतो, त्यामुळे मी आधीपासूनच नाक मुरडून बसलो होतो की शेवटी खात्याचाच माणूस. पण आमच्या वेळी 'त्या रात्रीची स्टेशन डायरी कुठे आहे' हा प्रश्न सगळ्यात आधी त्याच बाजूने आला. खात्यातल्या माणसाला कुठला कागद मागायचा हे माहीत असतं, हा फायदा माझ्या डोक्यातच आला नव्हता.

आणि दुसरी गोष्ट, समोरच्यालाही उत्तर शपथेवर लिहून द्यावं लागलं. ठाण्यात जो वर बघून हसला त्याच्या सहीचा कागद आमच्या हातात आला, त्यात 'सदर इसमास चौकशीकामी थांबवले होते' असं चक्क लिहिलेलं. म्हणजे रात्र झाली होती! भावाने तो कागद लॅमिनेट करायचं तेवढं बाकी ठेवलंय.

कमकुवत जागा कुठे, तर शेवटाला. अहवाल जातो राज्य सरकारकडे. सुप्रीम कोर्टाने या प्राधिकरणांच्या शिफारशी बंधनकारक असाव्यात असं म्हटलं होतं, पण प्रत्यक्षात कारवाईची सही गृहखात्याच्या आणि पोलिसांच्याच साखळीत होते. हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही, न्यूयॉर्कमध्ये १९९३ पासून अशा तक्रारींसाठी पूर्ण नागरी, म्हणजे पोलिसांबाहेरच्या लोकांचं मंडळ आहे, तिथेही शिक्षेवर शेवटचा शब्द पोलीस कमिशनरचाच. त्यामुळे 'त्याला घरी बसवायचंय' हाच हेतू असेल तर प्राधिकरण कदाचित निराश करेल. झालेलं कुठेतरी नीट नोंदलं जावं एवढंच हवं असेल तर माझ्या मते दुसरी बरी जागा नाही.

मानवी हक्क आयोगाबद्दल पण विचारतात. फी नाही, साधा अर्ज चालतो, नुकसानभरपाईची शिफारस होऊ शकते, आणि दुखापत किंवा मृत्यू असेल तर भरपाईच्या दृष्टीने मी कदाचित आधी तिथेच जाईन. फक्त घटनेपासून एक वर्षाच्या आत जा आणि राष्ट्रीय आणि राज्य दोन्हीकडे एकदम टाकू नका, एकाकडे प्रकरण चालू असलं की दुसरा हात लावत नाही. कोर्टाचा रस्ता वकिलाला विचारूनच धरा, सीआरपीसीच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत सरकारी नोकराविरुद्ध तपासाचा आदेश द्यायच्या आधी मॅजिस्ट्रेटने त्याच्या वरिष्ठाचा अहवाल घ्यायचाय, म्हणजे फिरून पुन्हा तेच ऑफिस.

आता एवढं सगळं बोलून मी सांगणार आहे की आयुक्तालयातही अर्ज द्याच, आणि पहिल्या आठवड्यातच द्या. हेतू मात्र वेगळा ठेवा. त्यात न्याय मागू नका, सीसीटीव्ही मागा. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२० मध्ये ठाण्यातलं फुटेज १८ महिने, तेवढी सोय नसेल तर किमान वर्षभर जपायला सांगितलंय. तारीख, वेळ, 'ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोरचा कॅमेरा' असं स्पष्ट लिहून ते जपून ठेवायची मागणी करा, शिक्का घ्या, आणि तो शिक्का प्राधिकरणाच्या प्रतिज्ञापत्राला जोडा. आम्ही हे पाच महिन्यांनी केलं, तोपर्यंत 'तांत्रिक कारणास्तव उपलब्ध नाही' असं उत्तर तयार होतं.

आणि मधल्या काळात ठाण्यातून जबाबासाठी फोन आलाच, तर नाही म्हणू नका, 'लेखी नोटीस पाठवा, मी एसीपी ऑफिसला येऊन देतो' एवढंच म्हणा. आम्ही दुसऱ्यांदा असंच म्हटलं, तर परत फोन आला नाही.